धवलारणीच्या घरातला स्पीकर

मित्रांनो, मी कॉम्प्युटरचा एक जुना, दमलेला स्पीकर आहे. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं बोलत आलो. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच सांगतो आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या. मध्येच खरखर आली तर डोक्यावर टपली मारू नका. टपल्या खाऊन खाऊनच मी अर्धा झालो आहे.

खरं तर आम्ही दोघं. एक डावा आणि एक उजवा. मी उजवा. चालू करायचं बटण माझ्या अंगावर, आवाज कमीजास्त करायची खुंटी माझ्या अंगावर, लाल दिवाही माझ्याच कपाळावर. त्यामुळे आवाज आला नाही की माणसांचा हात पहिला माझ्यावर पडतो. डावा आपला सुखी. त्याला बटण नाही, दिवा नाही, जबाबदारी नाही. मी बोललो की तो बोलतो आणि मी गप्प बसलो की तो झोपतो.

माझा जन्म कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही. गोंदाचा वास आठवतो आणि खोक्यावर छापलेला मोठा आकडा आठवतो. माझी ताकद हजार वॉटची आहे असं त्या खोक्यावर लिहिलं होतं. खरी ताकद तीन वॉटची, तीही सणासुदीला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पण खोकं बघून माणसं खूश होतात आणि शिव्या मागाहून आम्हाला पडतात.

फिरत फिरत मी नायगाव स्टेशनजवळच्या परेशच्या दुकानात आलो. परेश सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचा. पोरगा सरळ होता, पण सतत घाईत असायचा. एका गिऱ्हाइकाकडे स्क्रू पिळताना त्याचं अर्धं लक्ष दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या फोनकडे असे. दोन हजार एक सालच्या गणपतीच्या आधी त्याने आम्हाला रिक्षात घातलं आणि जूचंद्रला काशीरामच्या घरी नेऊन सोडलं.

काशीरामचं घर आगऱ्यांचं. खाडीच्या बाजूला भातशेती, पलीकडे मिठागरं आणि समोर नव्या उभ्या राहणाऱ्या इमारती. काशीरामची बायको चांगुणा मुलं लहान असतानाच गेली होती. भूपेश आणि संजना या भावंडांना वाढवलं ते त्यांच्या आत्याने. आत्याचं नाव जिजा. ती काशीरामची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. भूपेश वसईच्या एका कंपनीत नोकरीला लागला होता आणि संजना कॉलेजात जात होती. कॉम्प्युटर भूपेशने हौसेने घेतला आणि परेशने जाताना त्याला बजावलं, की तुझं जे काही महत्त्वाचं असेल ते डी ड्राइव्हमध्ये ठेव, सी मध्ये काही ठेवू नकोस, बिघाड झाला तर तो कप्पा पुसावा लागतो. भूपेशने ते मंत्रासारखं पाठ केलं.

सुरुवातीला माझं कौतुक काय विचारता! अख्खी आळी मला ऐकायला आली. गणपतीत आरत्या मी म्हटल्या, पोरांचा नाच माझ्यावर झाला. त्या गावात रांगोळीचं फार वेड. संजना माझ्याच शेजारी बसून रांगोळीचे रंग चाळायची आणि माझ्या जाळीत गुलाबी धूळ बसायची. मला शिंकता येत नाही म्हणून बरं.

मग नव्याची नवलाई संपली आणि माझे भोग सुरू झाले. कोणाच्या तरी हातून पडद्याच्या कोपऱ्यातलं आवाज बंद करायचं चिन्ह दाबलं जायचं आणि टपली मला. हिरव्या भोकातली पिन कोणी गुलाबी भोकात खुपसायचं आणि टपली मला. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने पिनेला गंज चढायचा, टपली पुन्हा मलाच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी ओरडून सांगितलं असतं की अरे बाबांनो, मागे बघा, वायर बघा. पण जी वायर लावलेली नाही तिच्याबद्दल स्पीकर ओरडणार कसा?

जिजाआत्या मात्र मला कधी मारत नसे. ती पदराने माझी धूळ पुसायची. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला ती धवले गाते. त्यात आधी देवांना बोलावणं, मग गावदेवीला, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. ज्याचं नाव राहिलं ते माणूस लग्नाला येत नाही, असं आत्या सांगायची. हे सगळं कुठे लिहिलेलं नव्हतं. कोणाच्या घरात कोण कोण गेलं आणि कोणाला आधी हाक मारायची ते फक्त तिच्या डोक्यात होतं. आळीत तिच्या मागे गाणारी कोणी उरली नव्हती. पोरींना त्या गाण्यांची लाज वाटायची. संजनालाही वाटायची, खोटं कशाला बोलू?

दोन हजार चारच्या पावसाळ्यात आत्याच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागेल आणि आवाज बदलू शकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. भूपेशचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं. आत्याला गाठीची भीती नव्हती. तिला एकच घोर लागला, की भूपेशच्या मांडवात धवला कोण गाणार आणि चांगुणाला हाक कोण मारणार?

तेव्हा संजनाने तोडगा काढला. तिने कॉम्प्युटरला माइक लावला, दुपारी पंखा बंद केला आणि आत्याला समोर बसवलं. आत्या माइककडे संशयाने बघत राहिली.

"ह्या खोक्यान माजा आवाज रवल का गो बाय?" तिने विचारलं.

"राहील ना आत्या. कायमचा राहील," संजना म्हणाली.

आत्या गायली. रोज दुपारी थोडं थोडं करत मांडवापासून हळदीपर्यंतचे सगळे धवले तिने गायले. मध्ये कोंबडा आरवला, मध्ये कोणी दारातून हाक मारली, ते सगळं त्यात उतरलं. चांगुणाच्या नावापाशी तिचा आवाज ओला झाला तोही उतरला. संजनाने ते माझ्यातून ऐकवलं तेव्हा आत्याने पदर तोंडाला लावला आणि हसली. "मी एवरी मोठ्यान गातंय काय गो?" म्हणाली. मित्रांनो, मी गाणी पुष्कळ वाजवली, पण माझा कागदी पडदा असा थरथरला तो तेवढ्याच वेळी.

ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि आवाजही फाटला. आत्या बोलायला लागली की सुपात कोंडा हलवल्यासारखं ऐकू यायचं. पण ती खचली नाही, कारण गाणी माझ्याकडे होती. आत्याला अक्षरओळख नव्हती. म्हणून संजनाने गाण्यांचं पिवळं पाकीट, म्हणजे फोल्डर, पडद्यावर अगदी समोर ठेवलं, कचऱ्याच्या टोपलीच्या चित्राखाली. तिथे बाण न्यायचा आणि दोनदा टिचकी मारायची, एवढं तिने आत्याला शिकवलं. आत्या रोज दुपारी जेवण आवरून यायची, टिचकी मारायची आणि स्वतःलाच ऐकत बसायची. मी दमत नसे त्या दिवसांत.

मग आला दसरा. भूपेशने टेबल पुढे ओढलं, सगळ्या वायरी काढल्या आणि कॉम्प्युटर लख्ख पुसला. विळा, कोयता, नांगराचा फाळ आणि भूपेशची मोटारसायकल यांच्या रांगेत आमचीही पूजा झाली. आत्याने हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि अक्षता वाहिल्या. पुढून वाहिल्या तशा मागूनही वाहिल्या.

"आत्या, मागे कशाला?" भूपेश हसला.

"बैलाला फकस्त शिंगांनाच कुंकू लावतान काय? पाठीवर पन हात फिरवाला लागतो," आत्या घोगऱ्या आवाजात म्हणाली.

त्यांतला एक हळदीने पिवळा झालेला तांदूळ माझ्या पिनेच्या हिरव्या भोकात जाऊन बसला. मला ते कळलं ते पिन पुन्हा खोचली तेव्हा. ती अर्धी आत गेली आणि तिथेच अडली. पण टेबल भिंतीला लावलेलं होतं आणि भूपेशने नेहमीसारखी चाचपून पिन घुसवली होती. त्याला वाटलं बसली. दुसऱ्या दिवशी आत्याने टिचकी मारली आणि माझ्या तोंडून नुसती घुंईं निघाली.

झालं. टपल्यांचा पाऊस सुरू. भूपेशने आवाजाचं चिन्ह तपासलं, खुंटी पिळली, मला उलटा करून हलवलं. मग त्याला अक्कल सुचली आणि त्याने माझी पिन वॉकमनला लावून बघितली. मी खणखणीत वाजलो! मला वाटलं, सुटलो. आता तरी मागचं भोक बघतील. पण भूपेश म्हणाला, स्पीकर चांगला आहे, म्हणजे कॉम्प्युटरच बिघडला. हेडफोन लावून बघितला, तोही त्याच भोकात, तोही अर्धाच गेला आणि मुका राहिला. मग तर त्याची खात्रीच पटली.

परेशला फोन गेला. तो म्हणाला, आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारा प्रोग्राम, उडाला असेल, कॉम्प्युटरबरोबर दिलेली सीडी काढून ठेव. घरभर सीडी शोधली. शेवटी काशीराम शेतावरून आला आणि पायरीवर बसून शांतपणे म्हणाला, "ती चकती काय? ती त मी शेतान टांगली. चिमन्या भात खातान." माझा आवाज शेतात काठीला लटकून चिमण्या हाकलत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, पण निदान भाताला तरी त्याचा उपयोग झाला.

लग्न जवळ येत चाललं. रोज घरात एकच प्रश्न, आवाज आला का? मांडवाला गाणी वाजतील का? आत्या दुपारी येऊन नुसती त्या पिवळ्या पाकिटाकडे बघून जायची.

अखेर परेश आला. संजनाची त्या दिवशी कॉलेजात परीक्षा होती. परेशने दुसरी सीडी घातली, ड्रायव्हर टाकला, काढला, पुन्हा टाकला. पिन एकदा ओढून परत खोचली, पण वरूनच, टेबल न हलवता. घाम पुसत तो म्हणाला, "भूपेश, व्हायरस दिसतोय. फॉरमॅट मारावं लागेल. काही इम्पॉर्टंट आहे काय यात?"

"सगळा डी मध्ये आहे. तूच बोललेलास ना, सी मध्ये काय ठेवू नको म्हणून."

"मग टेन्शन नाय. सीच उडवतो फक्त."

मित्रांनो, पडद्यावर समोर दिसतं ते सगळं सी मध्ये असतं. परेशला ते ठाऊक होतं, पण तिथे आत्याचं गाणं आहे हे ठाऊक नव्हतं. भूपेशला गाणं ठाऊक होतं, पण ते कुठे ठेवलं आहे हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आणि जिला जागा ठाऊक होती ती आत्या मागे उभी होती. फॉरमॅट हा शब्द तिला कळला नाही, पण उडवतो हा कळला. ती पुढे आली आणि तिने पिवळ्या पाकिटावर बोट ठेवलं.

"यो... माजा..." एवढंच तिच्या गळ्यातून निघालं.

"आत्या, काचेला हात नको लावू," भूपेश हळूच म्हणाला. "तुझं गाणं डी मध्ये आहे. काय नाय होत त्याला."

आत्याने हात मागे घेतला. शिकलेल्या पोरांपुढे आपण काय बोलणार, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. परेशने कळ दाबली. मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो, चांगला धडधाकट, वॉकमनवर खणखणीत वाजलेला. माझ्याइतकं लाचार त्या खोलीत कोणी नव्हतं.

फॉरमॅट झालं, सगळं नव्याने टाकलं, तरी माझ्यातून घुंईंच. तेव्हा कुठे परेशने वैतागून टेबल ओढलं, बॅटरी मारली आणि मागे वाकून बघितलं. त्याने सुई मागितली. हिरव्या भोकातून त्याने तो तांदूळ उकरून काढला आणि तळहातावर ठेवला. पिन खट्ट करून पूर्ण आत गेली. कॉम्प्युटर चालू होतानाचा तो ठरलेला सूर माझ्यातून घरभर घुमला. परेश हसला, भूपेशने टाळी वाजवली, काशीरामही ओटीवरून आत आला.

"आता लाव माजा गाना," आत्या म्हणाली.

भूपेशने डी उघडलं. त्यात फोटो होते, क्रिकेटचा खेळ होता, कंपनीची पत्रं होती. संजना तेवढ्यात परीक्षेहून आली. तिने पडद्याकडे बघितलं. कचऱ्याची टोपली होती आणि तिच्याखाली काही नव्हतं.

परेशचा चेहरा उतरला. तो डिस्क काढून दुकानात घेऊन गेला. चार दिवस खपला. पाकिटाचं नाव सापडलं, आतली एक फाइल अर्धवट हाती लागली. त्याने ती माझ्यावर लावली तेव्हा नुसती खरखर आली, आत्या नाही. कोणी मला टपली मारली नाही. भूपेश म्हणत होता, माझी चूक, मी विचारलं नाही. संजना म्हणत होती, मीच बाहेर ठेवलं. आत्या त्या तांदळाकडे बघत म्हणत होती, माज्याच हातचा तो. तिघांनीही दोष स्वतःकडे घेतला आणि त्या घरात जेवण कोणाला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या सवयीने माझ्यासमोर येऊन बसली. संजना तिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आत्या, तू नुसतं सांग. मी म्हणते."

एवढे महिने गाणी कॉम्प्युटरमध्ये आहेत म्हणून संजना ती शिकली नव्हती. आता आत्या घोगऱ्या आवाजात ओळ सांगायची आणि संजना ती गायची. चाल चुकली की आत्या मांडीवर हात आपटून ठेका धरायची. धवल्यातल्या न च्या जागी संजनाच्या तोंडून ण निघायचा, कॉलेजातली सवय. आत्या म्हणायची, "बाय, देवाला आपलीच भाषा कलते." मी बंद होतो, लाल दिवाही विझलेला. ऐकत होतो.

मांडवाचा दिवस आला. अंगणात आंब्याचे टहाळे बांधले, भाड्याचे मोठे स्पीकर बंद करायला लावले आणि सुवासिनी गोल करून बसल्या. मी खिडकीशी टेबलावर होतो, सगळं दिसत होतं. संजना गायला लागली. आवाज पातळ होता, कापत होता, पण ओळी बरोबर होत्या. देव झाले, गावदेवी झाली, आजोबा-पणजोबा झाले. मग आईचं नाव आलं आणि संजना थांबली. आयुष्यात तिने आईला नावाने कधी हाक मारली नव्हती.

भूपेश पाटावर बसलेला, मान खाली. आत्याने संजनाच्या पाठीवर हात ठेवला आणि आपला फाटलेला गळा ताणला.

"चांगुना," ती म्हणाली.

तो आवाज कसला, नुसता वारा होता. माझ्यातून असा आला असता तर कोणीतरी नक्कीच टपली मारली असती. पण शेजारच्या बाईने तो उचलला. तिच्या शेजारणीने उचलला. आळीत आजवर लाजून न गाणाऱ्या पोरींनीही उचलला. सगळ्या बायका एका आवाजात चांगुणाला मांडवाला बोलावू लागल्या आणि संजना त्यांच्या मध्ये रडत रडत गात राहिली. भूपेशने डोळे पुसले तेव्हा मांडवाची मेढ पुरताना हाताला लागलेली माती तोंडाला लागली आणि कोणी ती पुसायला गेलं नाही. माझ्याशिवाय, वायरीशिवाय, विजेशिवाय ती बाई आपल्या मुलाच्या लग्नाला आली. मला हेवा वाटला आणि बरंही वाटलं.

आता आत्या नाही. कॉम्प्युटरही भंगारात गेला. डाव्याची वायर उंदरांनी खाल्ली, आणि मी कपाटावर एका पिशवीत पडून आहे. मला त्याचं फार दुःख नाही. माझ्यासारखे बाजारात पुष्कळ मिळतात.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आवाज आला नाही तर हात उगारण्याआधी टेबल ओढा, मागे वाकून बघा आणि कोणाचं काय पुसणार आहात ते घरातल्या प्रत्येकाला विचारा. ज्याला नीट बोलता येत नाही त्याला आधी विचारा. आणि तुमच्या घरात कोणी गात असेल तर ते गाणं माझ्या भरवशावर टाकू नका. संजना हल्ली आसपासच्या गावांत धवला गायला जाते. लग्नात कोणी पोरगी मोबाइल पुढे करून म्हणते, ताई, रेकॉर्ड करू का? तेव्हा संजना तिला हाताला धरून शेजारी बसवून घेते आणि सांगते, "कर की बाय. पन आधी माज्या संगती म्हन."